व्हेंट कुठे बसवायचे? आधी हवेची वाट आखा

घराच्या नकाशावर प्रत्येक खोलीच्या छताच्या बरोबर मध्यभागी एकेक गोल काढायचा आणि त्याला वायुवीजनाचा आराखडा म्हणायचं, ही पद्धत दिसायला फार नीटनेटकी असते. हवेला मात्र त्या सममितीशी काही देणंघेणं नसतं. ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, आणि जाताना सगळ्यात सोपी फट शोधते. ती फट कुठे असावी हे तुम्ही ठरवलं नाहीत, तर दाराखालची, खिडकीच्या चौकटीतली किंवा विजेच्या पाइपाभोवतीची कुठली तरी फट ते काम उरकून टाकते. म्हणून व्हेंट, म्हणजे हवा सोडायचं किंवा ओढायचं छतातलं वा भिंतीतलं तोंड, ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी हवा कुठून आत येणार, कोणत्या खोल्यांतून जाणार आणि कुठून बाहेर पडणार, ही वाट आखायची. वाट बरोबर असली की व्हेंटची जागा निम्मी आपोआप ठरते.

इथे धरलेली व्यवस्था अशी: एक यंत्र आणि त्यात दोन पंखे. एक पंखा बाहेरची हवा गाळून खोल्यांत सोडतो, दुसरा घरातली वापरलेली हवा उपसून बाहेर टाकतो. बहुतेक यंत्रांत मधे हीट एक्स्चेंजर असतो. त्यातून दोन्ही प्रवाह एकमेकांत न मिसळता शेजारून जातात आणि बाहेर जाणारी हवा आपली ऊब किंवा गारवा आत येणाऱ्या हवेकडे देऊन जाते. नुसते एक्झॉस्ट फॅन आणि भिंतीतल्या हवेच्या झरोक्यांवर घर चालवायचं असेल, तरी खाली सांगितलेलं बरंचसं लागू पडतं. फरक जिथे आहे तिथे सांगितला आहे. एक गैरसमज मात्र आताच दूर करू. स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही. तो खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. एसी आहे म्हणून वायुवीजनाची गरज नाही असं कुणी सांगितलं, तर त्यांना खिडकी बंद करून रात्रभर झोपायला सांगा आणि सकाळी खोलीत कसं वाटतं ते विचारा.

पहिलं काम: खोल्या तीन गटांत वाटा

नकाशाची एक साधी प्रत घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. माणसं जिथे तासन् तास बसतात किंवा झोपतात त्या खोल्या एका रंगात: शयनघर, बैठक, अभ्यासाची खोली. इथे ताजी हवा सोडायची. ओल, वास आणि वाफ जिथे तयार होते त्या दुसऱ्या रंगात: स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, कपडे धुण्या-वाळवण्याची जागा. इथून हवा उपसायची. उरलं ते, म्हणजे बोळ, जिना, मधली मोकळी जागा, तिसऱ्या रंगात. इथे बहुतेक वेळा व्हेंट लागतच नाही, कारण पहिल्या गटातली हवा दुसऱ्या गटाकडे जाताना याच जागा ओलांडते आणि त्या फुकटात हवेशीर होतात.

आता पहिल्या रंगाकडून दुसऱ्या रंगाकडे बाण काढा. प्रत्येक बाण कुठल्या ना कुठल्या दारातून जाईल. त्या दारांवर खूण करून ठेवा, पुढे लागेल.

स्वयंपाकघर आणि बैठक एकाच मोकळ्या जागेत असतील तर नवखे गोंधळतात. तिथे बसायच्या बाजूला हवा सोडा आणि ओट्याच्या बाजूला उपसा, म्हणजे त्या एकाच जागेत बाण उभा राहतो. मात्र बैठकीत सोडलेली हवा घरातल्या दुसऱ्या खोल्यांना पुरेल असं धरू नका. ती तिथल्या तिथे ओट्याकडे ओढली जाते. खोलीला जोडून न्हाणीघर असेल तर काम सोपं: शयनघरात सोडलेली हवा सरळ त्या न्हाणीघरात जाते. फक्त मग त्या शयनघराची सगळी हवा तिथेच संपते, बोळाकडे काही उरत नाही, हे गणितात धरावं लागतं. कपाटवजा सामानाची खोली, जिन्याखालची जागा असल्या बंद कोपऱ्यांत थोडासा उपसा ठेवला तर बुरशीचा त्रास टळतो. पण तो चैनीचा भाग आहे. आधी मुख्य खोल्या.

हवा किती, हे ठरल्याशिवाय भोक पाडू नका

व्हेंटचा आकार, संख्या आणि जागा हे सगळं प्रवाहावरून ठरतं. प्रवाह घनमीटर प्रति तास किंवा लिटर प्रति सेकंद यात मोजतात. १ लिटर प्रति सेकंद म्हणजे ३.६ घनमीटर प्रति तास.

माणशी किती हवा, याचं उत्तर जुनं आहे. माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण हे हवा शिळी झाल्याचं माप म्हणून वापरलं आणि दशलक्षात १००० भाग ही मर्यादा सुचवली. आजही साधारण तोच आकडा सगळीकडे फिरतो. कार्बन डायऑक्साइड त्या प्रमाणात विषारी नसतो. तो वाढला म्हणजे त्याच्याबरोबर घामाचा वास, ओल आणि बाकी सगळं वाढलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गणित करून बघू. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २४ लिटर. खोलीत तासाला ३० घनमीटर ताजी हवा येत असेल तर पहाटेपर्यंत प्रमाण बाहेरच्यापेक्षा दशलक्षात ८०० ने वर स्थिरावतं. बाहेर सुमारे ४२० असतं, म्हणजे एकूण १२०० च्या पुढे. हीच हवा ६० घनमीटर केली तर वाढ ४०० ची, एकूण ८२० च्या आसपास. माणशी ३० घनमीटर प्रति तास हा पॅसिव्ह हाउस पद्धतीतला (अगदी कमी ऊर्जेत चालणारी घरं बांधायच्या पद्धतीतला) आकडा यामुळेच पटतो. त्याच पद्धतीत उपशासाठी स्वयंपाकघर ६०, न्हाणीघर ४० आणि संडास २० असे आकडे धरतात.

समजा ७५ चौरस मीटरचं घर आहे: दोघांचं शयनघर, एकाचं शयनघर, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास. उपसा ६० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १२०. पुरवठा मोठ्या शयनघरात ६०, लहानात ३०, बैठकीत ३०, म्हणजे पुन्हा १२०. दोन्ही बेरजा जुळल्या, हे इथे उदाहरण सोपं घेतलं म्हणून. प्रत्यक्षात एक बेरीज मोठी निघते, मग लहान बाजू वाढवून जुळवायची. मोठी बाजू कापून नव्हे. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे ६२.२ या मानकाचं सूत्र याच घराला लावलं, म्हणजे चौरस मीटरला ०.१५ लिटर प्रति सेकंद आणि शयनघरांच्या संख्येत एक मिळवून त्या प्रत्येकाला ३.५, तर साधारण २२ लिटर प्रति सेकंद म्हणजे ७८ घनमीटर प्रति तास येतात. आपले १२० त्याच्या वर आहेत, तेव्हा बरं चाललंय. तुमच्या भागातले बांधकाम नियम वेगळा किमान आकडा सांगत असतील तर तो पाळायचा, हे वेगळं सांगायला नको.

यंत्र निवडताना मात्र बरोबर १२० चं घेऊ नका. जेमतेम पुरणारं यंत्र कायम पूर्ण वेगाने धावतं आणि आवाज करतं. १६० ते १७० देऊ शकणारं यंत्र १२० वर आरामात चालतं आणि पाहुणे आले की वाढवायला जागाही राहते. माहितीपत्रकातला आकडा किती दाबावरचा आहे तेही बघा. डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पाइप, न जोडता मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

सोडायचे व्हेंट: इथे जागा खरंच महत्त्वाची

मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते, पण तेवढ्याच अंतरावरून श्वास ओढून विझवता येत नाही. व्हेंटच्या जागेचं सगळं शास्त्र यात आहे. सोडलेली हवा झोत होऊन लांब जाते; तोंडाच्या व्यासाच्या सुमारे ३० पट अंतरावर तिचा वेग दहा टक्क्यांवर येतो. ओढणाऱ्या तोंडापाशी वेग एवढा घसरायला एका व्यासाचं अंतर पुरतं. म्हणजे खोलीतली हवा कशी फिरेल हे सोडणारा व्हेंट ठरवतो. उपशाचा व्हेंट तिथवर आलेली हवा घेतो, एवढंच.

म्हणून खोलीत हवा सोडायची ती दारापासून लांब. हवा दाराखालून बाहेर जाणार आहे. व्हेंट दाराशेजारीच ठेवला आणि झोत खालच्या दिशेने असला तर ताजी हवा पलंगापर्यंत न जाता तशीच बोळात निघून जाते. मीटरवर प्रवाह बरोबर दिसतो, खोली मात्र कोंदटच राहते. असा दोष शोधून काढायला फार वेळ लागतो, कारण कागदावर सगळं ठीक असतं.

याला एक अपवाद आहे आणि तो उपयोगी आहे. छताच्या अगदी खाली, भिंतीत, आडवा झोत टाकणारा व्हेंट बसवला तर हवा छताला चिकटून खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. वाहती हवा जवळच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, याला कोआंडा परिणाम म्हणतात. असा लांब फेकीचा व्हेंट दाराच्या वरच्या भिंतीतही चालतो. मग डक्ट बोळाच्या फॉल्स सीलिंगमधेच संपतो, शयनघराच्या छताला हात लावावा लागत नाही आणि पाइपाची लांबीही वाचते. अट एवढीच की झोताच्या वाटेत तुळई, लोंबता दिवा किंवा पडद्याची पेटी नको. छतापासून खाली आलेली तुळई झोताला खाली वळवते आणि ती गार हवा नेमकी कुणाच्या तरी मानेवर पडते.

व्हेंट छतात असेल तर उशीच्या वर ठेवू नका. हीट एक्स्चेंजर कितीही चांगला असला तरी थंडीत येणारी हवा खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी गार असते. माणसाच्या अंगाजवळ हवेचा वेग ०.२ मीटर प्रति सेकंदाच्या वर गेला की बसलेल्या माणसाला झुळूक जाणवते आणि झोपलेल्याला जास्तच. पलंगाच्या पायथ्याकडची, खिडकीच्या बाजूची छताची पट्टी बहुतेक खोल्यांत सोयीची ठरते. छताजवळ पोचणारं उंच कपाट असेल तर त्याच्या वर किंवा लगत नको. आणि मुख्य म्हणजे पलंग उद्या फिरवला जाईल का, हे घरच्यांना आधी विचारा. जागा ठरवताना सामानाचा नकाशा हाताशी नसेल तर तो आधी काढा, मग पुढे जा.

सीलिंग फॅन असलेल्या खोलीत व्हेंट पात्यांच्या बरोबर वर नको. बाकी फॅन चालू असताना खोलीतली हवा तशीही ढवळली जाते, तेव्हा जागेची काटेकोर चिंता तो बंद असतानाच्या दिवसांसाठी करायची.

ज्यांच्याकडे फक्त एक्झॉस्ट फॅन आहेत आणि ताजी हवा भिंतीतल्या किंवा खिडकीवरच्या झरोक्यातून येते, त्यांनी झरोका जमिनीपासून किमान १.७ मीटर उंचीवर घ्यावा. वरून आलेली हवा खाली उतरेपर्यंत खोलीतल्या हवेत मिसळते. झरोके फक्त पहिल्या रंगाच्या खोल्यांत. न्हाणीघरात झरोका ठेवला तर एक्झॉस्ट फॅन त्याच झरोक्यातली हवा ओढत बसतो आणि बाकी घराला काही मिळत नाही.

उपशाचे व्हेंट

हे तुलनेने सोपे. वाफ आणि वास वर चढतात, म्हणून छतात किंवा भिंतीत अगदी वर. न्हाणीघरात शॉवरच्या जवळ आणि दारापासून लांब, म्हणजे दाराखालून आलेली हवा सगळी खोली पुसून मग व्हेंटमधे जाते. पाण्याचे थेंब थेट उडतील अशा जागी मात्र विजेचा पंखा बसवण्यावर सुरक्षेची बंधनं असतात; तिथे नुसता व्हेंट ठेवून पंखा लांब यंत्रात असणं हे या व्यवस्थेचं मोठं सुख आहे. संडासात भांड्याच्या वर.

स्वयंपाकघरात दोन गोष्टी गल्लत न करता वेगळ्या ठेवा. शेगडीवरची चिमणी हे तेलकट वाफ पकडायचं साधन आहे, तिचा डक्ट वेगळा आणि सरळ बाहेर. ती हीट एक्स्चेंजरच्या यंत्राला कधीही जोडू नका. तेलाचा थर डक्टमधे आणि एक्स्चेंजरमधे बसतो, साफ होत नाही, आणि तो जळू शकतो. यंत्राचा उपशाचा व्हेंट शेगडीपासून लांब, फ्रीज किंवा भांडी घासायच्या बाजूला छतात ठेवा आणि त्यात धुता येणारी जाळी घाला. चिमणी फक्त तळणीच्या वेळी चालते. हा व्हेंट दिवसभर हळूहळू काम करतो.

चिमणी जोरदार असेल तर ती चालू असताना घरातली हवा भराभर बाहेर जाते आणि घरात दाब कमी होतो. घरात धुराड्याची शेकोटी, लाकडाचा स्टोव्ह किंवा खोलीतलीच हवा घेऊन जळणारा गॅस गीझर असेल तर हा दाब त्याचा धूर उलटा घरात ओढू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. असं उपकरण असलेल्या घरात आराखडा स्वतःच्या भरवशावर पुरा करू नका. त्या उपकरणाला बाहेरून स्वतंत्र हवा मिळते आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

दारं: सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट

आता नकाशावर खूण केलेल्या दारांकडे वळू. शयनघरात तासाला ६० घनमीटर हवा ढकलली आणि दार घट्ट बंद असलं तर ती जाणार कुठे? यंत्राचा जोर दाबाशी झगडण्यात जाईल, त्या खोलीत ठरवलेला प्रवाह येणारच नाही, आणि तिकडे न्हाणीघर आपली हवा खिडकीच्या फटीतून ओढेल. यंत्र, डक्ट, व्हेंट सगळं उत्तम असूनही व्यवस्था अपुरी वाटते, त्यामागे कितीदा तरी हेच कारण असतं. सुताराला कुणी सांगितलेलंच नसतं.

दाराखाली १० मिलिमीटर फट ठेवा असा सल्ला सर्वत्र मिळतो. तो ऐकण्यासारखा आहे, पण प्रत्येक दाराला पुरत नाही. हवा दार ओलांडताना दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक १ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) आसपास राहावा, हे चांगलं लक्ष्य आहे. ८०० मिलिमीटर रुंद दाराखाली १० मिलिमीटर फट म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर जागा. त्यातून १ पास्कलला तासाला साधारण २२ घनमीटर हवा जाते. ३० घनमीटरसाठी १३ ते १४ मिलिमीटर लागतात. ६० घनमीटरसाठी जवळपास २७, आणि तेवढं मोठं दार कापलं तर ते विचित्र दिसतं, उजेड आणि आवाजही आत येतो. दाराच्या चौकटीभोवतीच्या फटींतून थोडी हवा जातेच, पण तिच्यावर हिशोब बांधू नये.

मोठ्या शयनघरासाठी तेव्हा दुसरा उपाय. दारात जाळी बसवता येते. स्वस्त, पण बोलणं ऐकू जातं. दाराच्या चौकटीच्या वर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमागे लपवलेली वाट करता येते. आवाज अडवणारं अस्तर लावलं तर खोलीतलं खासगीपण टिकतं. किंवा भिंतीत एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जाळी ठेवून मधल्या पोकळीतून हवा न्यायची. मला स्वतःला चौकटीवरची वाट सगळ्यात आवडते, कारण ती कुणाच्या नजरेला येत नाही आणि पुढे कुणी बुजवतही नाही. पण भिंत बांधताना ठरवली तरच ती सहज होते.

फटीचं माप पक्क्या जमिनीपासून घ्यायचं. फरशीवर नंतर लाकडी जमीन किंवा गालिचा येणार असेल तर त्याची जाडी आधी मिळवा. बोळाकडचं दार आगीपासून संरक्षण देणारं असेल तर त्याखाली फट किंवा त्यात जाळी ठेवण्यावर निर्बंध असू शकतात. तिथे आग लागल्यावर फुगून बंद होणाऱ्या खास जाळ्या वापरतात. हे स्थानिक नियम बघूनच.

बाहेरची दोन तोंडं

घरातल्या आठ-दहा व्हेंटवर चर्चा होते आणि बाहेरची दोन तोंडं गवंड्याला सोयीचं पडेल तिथे निघतात. खरं तर ताजी हवा घेणारं तोंड ही सगळ्या घराची हवा आहे. ते रस्त्याच्या, गाडी उभी करायच्या जागेच्या, कचऱ्याच्या डब्यांच्या, सांडपाण्याच्या वायुनळीच्या आणि गीझरच्या धुराच्या नळीच्या जवळ नको. अ‍ॅश्रेचं मानक अशा प्रदूषणाच्या जागांपासून ३ मीटर अंतर मागतं. हवा टाकणारं तोंडही तेवढंच लांब ठेवा. दोन्ही एकाच भिंतीत घ्यावी लागली तर टाकणारं वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जमिनीलगतच्या तोंडात धूळ, पालापाचोळा आणि कीटक जातात, म्हणून वर घ्या. उन्हात तापणाऱ्या काळ्या पत्र्याजवळची हवा दुपारी बाहेरच्यापेक्षाही गरम असते, तीही टाळा. शेजाऱ्याच्या खिडकीवर आपली शिळी हवा सोडू नका.

तोंडाला जाळी लागते, पण डासांची बारीक जाळी लावली तर ती काही महिन्यांत धुळीने बुजते आणि शिडी लावल्याशिवाय कुणाला कळत नाही. बारीक गाळण यंत्रातल्या फिल्टरवर सोडा. भिंतीतून जाणारा पाइप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही.

डक्टमुळे व्हेंट सरकतात

इथवर ठरवलेल्या जागा आता डक्टच्या वाटेशी ताडून बघायच्या. यंत्र अशा जागी ठेवा की बाहेरची दोन तोंडं जवळ पडतील आणि फिल्टर बदलायला माणूस सहज पोचेल. शयनघराशी सामाईक भिंतीवर ते टांगू नका.

पाइपातला वेग हा आवाजाचा मूळ स्रोत. मुख्य डक्टमधे ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत आणि व्हेंटकडे जाणाऱ्या फाट्यांत २ च्या आत ठेवला तर घर शांत राहतं. आपल्या उदाहरणात १२० घनमीटरसाठी १६० मिलिमीटरचा डक्ट घेतला तर वेग १.७ येतो, १२५ चा घेतला तर २.७. दोन्ही मर्यादेत, पण मी १६० घेईन, कारण पंखा कमी जोर लावतो आणि वीज रोजच वाचते. शयनघराच्या ६० साठी १२५, बाकीच्या ३० च्या व्हेंटना १०० पुरतो. व्यास निम्मा केला तर त्याच प्रवाहासाठी दाबाची हानी जवळपास ३२ पट होते, हे लक्षात राहिलं की ‘थोडा बारीक पाइप चालेल’ असं कुणी म्हटल्यावर काय उत्तर द्यायचं ते कळतं. ७५ मिलिमीटरचे अर्धलवचिक पाइप वापरणाऱ्या पद्धतीत प्रत्येक व्हेंटला वाटपाच्या पेटीपासून स्वतंत्र पाइप जातो. त्यात एका पाइपातून ३० घनमीटरच्या वर नेऊ नका. ६० च्या खोलीला दोन पाइप.

या स्वतंत्र पाइपांचा दुसरा फायदा शांततेचा आहे. एकाच डक्टवर लागोपाठ दोन शयनघरांचे व्हेंट घेतले तर एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू जातं. फाट्याची पद्धत वापरायची असेल तर दोन खोल्यांमधे सायलेन्सर, म्हणजे आवाज शोषणारा डक्टचा तुकडा, घाला. यंत्राजवळ पुरवठा आणि उपसा अशा दोन्ही डक्टवर सायलेन्सर असावेच. झोपायच्या खोलीत आवाज २५ ते ३० डेसिबलच्या वर गेला की लोक यंत्र बंद करून टाकतात, आणि बंद यंत्र म्हणजे सगळा खर्च वाया.

झोळ पडलेला लवचिक पाइप, काटकोनी वळणं, तुळईखालून चेपून नेलेला डक्ट, हे सगळं टाळायचं. वळण मोठ्या त्रिज्येचं घ्या. व्हेंटच्या अगदी मागे वळण असेल तर झोत एका बाजूला झुकतो आणि फुसफुस आवाज येतो. तिथे थोडा सरळ पाइप हवा. माळ्यासारख्या थंड किंवा तापणाऱ्या जागेतून डक्ट जात असेल तर त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा. यंत्र घराच्या आत असेल तर बाहेरच्या तोंडांपर्यंतच्या दोन पाइपांवर वाफ न झिरपणारं आवरण लागतं, नाहीतर थंडीत त्यांच्यावर पाणी सुटतं आणि छतावर डाग पडतात.

भोक पाडण्याआधी जागेवर खुणा

कागदावरचे गोल आता प्रत्यक्ष छतावर चिकटपट्टीने उमटवा. खोलीत उभं राहून तुळया कुठे आहेत, दिवे, पंखा, पडद्याची पेटी कुठे येणार ते बघा. धुराचा अलार्म हवा सोडणाऱ्या व्हेंटपासून किमान १ मीटर लांब हवा, नाहीतर ताजी हवा धुराला त्याच्यापर्यंत पोचूच देत नाही. तुळईला किंवा स्लॅबच्या सळईला भोक पाडायचा प्रश्न आला की तिथे थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा; व्हेंट अर्धा मीटर सरकल्याने काही बिघडत नाही. विजेवाला, प्लंबर आणि फॉल्स सीलिंगवाला यांना हाच खुणांचा फोटो द्या. डक्ट सगळ्यात जाड असतो, म्हणून तो आधी आणि तारा-नळ्या नंतर, हा क्रम आग्रहाने पाळायला लावा.

चालू केल्यावर

सगळे व्हेंट पूर्ण उघडून यंत्र नुसतं चालू करणं म्हणजे काम झालं असं नव्हे. यंत्राजवळच्या व्हेंटमधून जास्त आणि लांबच्यातून कमी हवा येते. फिल्टर स्वच्छ, दारं-खिडक्या बंद, आणि प्रत्येक व्हेंटवर नरसाळं लावलेल्या वायुवेगमापकाने प्रवाह मोजायचा. सगळ्यात लांबचा व्हेंट उघडा ठेवून जवळच्यांच्या मधल्या, प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या चकत्या थोड्या थोड्या आवळत आणायच्या. एक आवळला की बाकीच्यांचे आकडे हलतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. खोलीनुसार १० टक्क्यांच्या आत आकडे आले आणि पुरवठा-उपशाच्या बेरजा जवळपास सारख्या निघाल्या की चकत्यांचे नट घट्ट करा आणि आकडे लिहून यंत्राच्या झाकणाला चिकटवा. कंत्राटदाराकडून ही यादी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये, असं माझं मत आहे. व्हेंट पुसायला काढाल तेव्हा ज्याचा त्याच जागी परत लावा. ते अदलाबदल झाले की सगळं जुळवलेलं बिघडतं.

मापक नसेल तरी वाट तपासता येते. पातळ कागदाची पट्टी घ्या आणि शयनघराचं दार लावून बोळातून ती दाराखालच्या फटीपाशी धरा. पट्टी तुमच्याकडे फडफडली पाहिजे. न्हाणीघराच्या दारापाशी ती आत ओढली गेली पाहिजे. कुठे उलटं दिसलं किंवा पट्टी हललीच नाही, तर तो व्हेंट उघडण्याआधी त्या खोलीची फट तपासा. फिल्टर बदलाल त्या दिवशी ही चाचणी पुन्हा करा, आणि दारासमोर नवी सतरंजी किंवा पायपुसणं आलं असेल तेव्हा तर नक्कीच.